दर अमावास्येचं मीठ

(कोकणातलं नाटे गाव. देवळामागे अर्थिंगचा खड्डा उघडून तिघं उभी आहेत : देवळाचे सेवेकरी दाजी, वायरमन हमीद आणि दाजींची नात पूर्वी. पाच वाजता तिचं पहिलं कीर्तन आहे.)

हमीद : पाणी ओतू नका, दाजी! ठेवा ती बादली खाली.

दाजी : अरे, मीटर लावायच्या आधी ओतायचंच असतं. अठ्ठावीस वर्षं ओततोय.

हमीद : म्हणून तर दर वेळी पास! ओल्या खड्ड्यावर कुठलाही मीटर खूश होतो. मला कोरडा बघायचाय. काल माइकचा झटका तबलजीला बसला, तो काय उगाच?

दाजी : त्याचा हात घामट.

हमीद : आणि आज पूर्वी अनवाणी, धुतलेल्या लादीवर. बघा, मीटर छप्पन्न ओम दाखवतोय. आकडा पाच ओमच्या आत हवा.

दाजी : तुझ्या मीटरच्या खुंट्या जांभ्यात बसल्या नसतील, मेल्या.

हमीद : दोनदा ठोकल्या, तुमच्यासमोर. बरं, खड्ड्यातला हा अर्थिंगचा पाइप धरा. ओढू नका, नुसता धरा.

दाजी : धरला... अरे देवा!

पूर्वी : आजोबा, हातात आला की! एवढाच? नऊ फुटी होता म्हणायचात ना?

दाजी : नऊ फुटीच. मी स्वतः उतरवलेला. खालचा गेला कुठे?

हमीद : मिठाने खाल्ला. किती घालायचात?

दाजी : दर अमावास्येला शेरभर. धोंडू वायरमन म्हणालेला, एकदा मीठ-कोळसा घाल. मला वाटलं, देवाची सेवा एकदाच कशी करायची?

हमीद : होडीचे खिळे गंजले की खाऱ्या पाण्याला शिव्या देता. तिथे कळलं, इथे नाही?

दाजी : तिथलं मीठ समुद्राचं रे. हे माझ्या हातचं.

पूर्वी : असू दे, आजोबा. हमीदभाई, आता काय?

हमीद : उद्या रत्नागिरीहून तांब्याचा मुलामा दिलेली सळई आणतो. ओल धरणारी मातीही मिळते, लोखंडाला खात नाही. आजचं तुम्ही ठरवा.

पूर्वी : मागच्यांना ऐकू नाही जाणार. जरा वेळ माइक लावला तर?

दाजी : नाही! एक शब्दही नाही. त्या लादीवर तू उभी राहणार आहेस. हमीद, मेन पाड. समया लावू. हिचा आवाज खाडीपलीकडे जातो, मासेवाल्या आजीची नात आहे.

हमीद : पाडला. बोर्डाला कुलूपही घालतो, किल्ली माझ्याकडे.

दाजी : कुलूप? मग मी उभा कुठे राहू?

पूर्वी : म्हणजे?

दाजी : अगो, कीर्तनभर मी त्या बोर्डापाशीच असतो. कधी भोंगा किंचाळतो, कधी फ्यूज जातो. आख्यान रंगात आलं की माझं लक्ष तारांवर. सबंध कीर्तन असं मी ऐकलेलंच नाही.

पूर्वी : मग आज पुढे बसा. अगदी माझ्यासमोर. मी चुकले तर मान हलवू नका हं.

हमीद : चला दाजी, सतरंजी मी टाकतो.

दाजी : थांबा जरा. हाताला गंज लागलाय. धुऊन येतो.