सगळ्यात जलद

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते. ताईच्या पिशवीत नवाकोरा सीडी प्लेअर होता. भाऊ छताचा पंखा निरखत होता. पंखा बंद होता.

"नवा घेतला तरी सीडीतली शेवटची अंगाई अडकतेच. तू तर म्हणालास, माझा जुना प्लेअरच खराब आहे."

"दुकानदार बघेल ना."

"काय बघेल? दोन्ही एकाच जागी अडतात. खरं सांग, कॉम्प्युटरवरून सीडी कुठल्या वेगावर काढलीस?"

"सगळ्यात जलद."

"सावकाश काढावी, नाहीतर शेवटी गचके खाते, हे मला कोणी शिकवलं होतं?"

"मीच. पण मॅच सुरू होणार होती, ताई."

"धन्य आहेस. बरं, मूळ रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर असेल. त्यावरून दुसरी काढ, सावकाश."

"ते पुसलं. जागा हवी होती."

"सीडी नीट वाजतेय का, ते न ऐकताच?"

"हो."

"घशाच्या ऑपरेशनआधीचा आईचा तेवढाच आवाज होता रे आपल्याकडे."

"तिला कळलंय?"

"नातीला निजवताना आई तीच सीडी तर लावते. शेवटची अंगाई अडकायच्या जरा आधी स्वतः उठून बंद करते."

"काही म्हणाली?"

"म्हणणार कशी? हाताने खुणावते मला, त्याला बोलू नकोस."

"पुढचे कोण?" दुकानदाराने विचारलं.

भाऊ बाजूला सरकला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुम्ही जा आधी."