मालकाचा तेलकट डाग

...अन् वर मलाच इचारून राहिली, "आज्जी, खूश झालीस का गं?" आता काय सांगू बायांनो तुम्हाला! आमची नात सुकन्या, नांदेडला मोठ्या कॉलेजात शिकती, तिथं पावडर करून राहिली. टायटॅनियम का काय म्हणं, अन् त्यात रेतीचं पीठ, सिलिका त्याचं नाव, मैद्याहून बारीक! पाण्यात कालवून भितीला लावायचं, ऊन पडलं की काम सुरू. "आज्जी, ही रेती डागाला धरून ठिवती अन् टायटॅनियम उन्हाच्या जोरावर त्याला खातंय." म्हणजे ऊन पितंय अन् डाग खातंय, ना भाकर मागतंय ना मीठ... आख्ख्या लोहा गावात असलं जनावर कुणी पाळलं न्हाई!

डाग कोणता? तर आमच्या मालकाचा! गेल्या उन्हाळ्यात गेले, म्हाईतच हाय तुम्हाला. जित्ते व्हते तवर रोज शेतातून आले की डोक्यावर बचकभर खोबरेल थापायचं अन् ओसरीवर भितीला टाळकं टेकून बसायचं. पांढऱ्या भितीवर हा एवढा परातीयेवढा डाग! मी बोंबलून राहायची, "अहो, उशी घ्या, भिंत काय तुमच्या सासऱ्यानं दिली का?" तर डोळं बी न उघडता म्हणायचे, "सासऱ्यानं दिली ती टेकू देईना, म्हणून तर भितीला टेकलो!" हसू नका गं! दर दिवाळीला चुना मारायची, डाग पुन्हा वर! औंदा दुखवट्याचं साल, सण न्हाई म्हणून चुना बी न्हाई... अन् खरं सांगू? बरंच वाटलं. सांजच्याला झाडता झाडता जरा हात ठिवायची तिथं. तेलाचा वास यायचा. बस, येवढंच.

मग मी गेले रेणापूरला लेकीकडं, तिच्या सुनेचं बाळंतपण, महिना तिथंच गेला. आले तर काय... भिंत कोरी! अन् ही सरजाबाई, हाव, तूच गं, शेजारीण म्हणून टाळ्या पिटायला सगळ्यांच्या म्होरं! "लई चकाचक झाली बया! नातीनं पांग फेडलं!"

मी इचारलं, "डाग कुठं गेला गं?" सुकन्या म्हणती, "जातो कुठं आज्जी? त्याची हवा झाली, पाणी झालं." ऐका! मालकाची राख गोदावरीत सोडली, तेवढं टाळकं भितीला चिकटून व्हतं, नातीनं त्याची बी हवा केली! ऊन पितंय अन् डाग खातंय!

मी कोऱ्या भितीला नाक लावून वास हुंगाया लागले. तवा पोरीला उमगलं अन् तीच रडाया लागली, "आज्जी, जलमभर शिव्या दिल्यास गं त्या डागाला! मला वाटलं, तुझी हौस पुरी करावी..." अगं येडे, शिव्या काय डागाला व्हत्या का? डागाखाली माणूस बसलेलं असायचं म्हणून त्या शिव्या!

आता रोज सांजच्याला मीच बचकभर तेल थापते अन् तिथंच टाळकं टेकून बसते. म्हणलं, त्यांचा न्हाई तर माझा तरी पडू दे. पडतो की! पर दुसऱ्या दिवशी ऊन कललं, ओसरीवर आलं... ऊन पितंय अन् डाग खातंय. पोरीला म्हणलं, खरवडून काढ तुझं ते जनावर. म्हणती, "न्हाई निघायचं आज्जी, तुझ्यासाठी लई पक्कं बसवलंय."

सारी जिंदगी ओरडले बायांनो, भितीला डाग पाडू नका, डाग पाडू नका... माणसानं एक दिवस ऐकलं न्हाई. आता भिंत ऐकून राहिली!