पायाळू नसलेले डॉक्टर

कबड्डी मंडळाचे अध्यक्ष नामदेवराव, साहेबांचे चिरंजीव, आणि जमलेल्या आयाबायांनो, भावांनो,

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता मी राइस मिलमध्ये वजनकाटा पुसत होतो. तेव्हा नागपूरहून फोन आला, डॉक्टर देवगडे साहेब गेले. हार्ट अटॅक. त्यानंतर मी वजन लिहायला बसलो, पण आकडे जुळेनात. मी दहावी नापास माणूस. भाषण मला येत नाही, म्हणून लिहून आणलं आहे. वाचताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

खरं म्हणजे मी वेगळंच लिहून आणलं होतं. पण आताच माझ्या आधी बोलणारे काका म्हणाले, साहेब पायाळू होते, म्हणून पवनीच्या पोरांचे गुडघे बरे झाले. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी लिहिलेलं बाजूला ठेवतो.

साहेब पायाळू नव्हते.

साहेबांच्या चिरंजीवांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याचा पाय लागला की लचक उतरते, असं आपल्याकडे मानतात. कबड्डीत माझा गुडघा गेला तेव्हा मलाही पारबताबाईकडे नेलं होतं. ती पायाळू. तिनं गुडघ्यावर पाय ठेवला, दाबला. मी ओरडलो तर लोक म्हणाले, उतरून राहिलं. उतरलं काहीच नाही. गुडघा अर्धा वाकलेला, तसाच अडकून राहिला.

मग साहेबांकडे गेलो. महिन्यातून एका रविवारी ते नागपूरहून इथे, मंडळाच्या खोलीत येत. त्यांनी मला निजवलं, नडगी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढून पाहिली, पाय फिरवून पाहिला. माझी माय शेजारी उभी होती. तिला म्हणाले, "माय, गुडघ्याच्या मधात गादी असते. ती फाटून घडी पडली. दरवाजात चिंधी अडकली का दरवाजा लागते का? मग त्याले लाता मारून काय होईल? चिंधी काढा लागते. नागपूरले आणा, ऑपरेशन करतो."

माय म्हणाली, "साहेब, पोराले कापू नोका. दुसरा पायाळू पाहातो मी."

साहेबांनी डोक्याला हात लावला. मग एकदम म्हणाले, "मीच पायाळू आहो, माय. आता तरी लावा कागदावर आंगठा."

मायनं आंगठा लावला. फाटलेली गादी निघाली आणि माझा पाय सरळ झाला. पण मायनं ही गोष्ट अख्ख्या पवनीला सांगितली. पुढच्या महिन्यातल्या रविवारी खोलीबाहेर रांग. आणि रांगेतला पहिलाच गडी म्हणाला, "साहेब, तुमी पायाळू आहा, तर पाय लावून द्या न. कापता कायले?"

हसा. तेव्हा मीही हसलो. साहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "पाहा बाबू, एक खोटं बोललो, आता सगळ्याइच्या गुडघ्यासाठी बूट काढा लागते." आणि खरंच ते बूट काढून, पाय नुसता टेकवून, मग हातानं तपासायचे. एवढा शिकलेला माणूस. कशासाठी? आपण ऐकत नव्हतो म्हणून.

किती वेळा सांगितलं त्यांनी? हाडं बांधून ठेवणारी दोरी तुटली की गुडघा निसटतो, गादी फाटली की अडकतो. किती वेळा सांगितलं? मालीशनं दोरी शिवली जात नाही. किती वेळा सांगितलं? ऑपरेशन अर्धं डॉक्टरचं, अर्धं आपलं, मांडीचा व्यायाम सोडला तर टाके वाया. आपण हो साहेब म्हणायचो आणि घरी जाऊन बिब्याचा चटका द्यायचो.

आता नामदेवरावांनी जाहीर केलं, येत्या रविवारी साहेबांच्या स्मरणार्थ कबड्डीचे सामने. चांगली गोष्ट. आणि आपल्याकडून पहिली चढाई सुरेश करणार.

सुरेश तिसऱ्या रांगेत बसला आहे. खुर्चीवर पाय ठेवून. परवा सरावात तो पडला तेव्हा गुडघ्यात कट्ट आवाज झाला, तो मी गुण लिहीत होतो तिथपर्यंत आला. संध्याकाळपर्यंत सूज. आज पाय सरळ होत नाही. आणि काल त्याला कुठे नेलं? पारबताबाईकडे.

मी नामदेवरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "साहेबाच्या नावाचे सामने, अन् आपलाच गडी बाहेर बसंल? लोक काय म्हणतील?"

नामदेवराव, तुम्ही मला वडिलांसारखे. पण साहेब काय म्हणाले असते, ते विचारा. गुडघ्याच्या डॉक्टरला श्रद्धांजली म्हणून आपण एका पोराचा गुडघा कायमचा घालवणार आहोत. आणि वरून हार घालणार आहोत.

सुरेश, तू मघाशी मला म्हणालास, "साहेबच नाही राहिले, आता कोणाले दाखवू?" अरे लेका, साहेब गेले, शस्त्रक्रिया नाही गेली. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर नागपूरला त्याच वॉर्डात आहेत. साहेबांचे चिरंजीव आताच म्हणाले, उद्या ते डॉक्टर तपासायला बसतात. सकाळच्या पहिल्या बसनं मी तुला घेऊन जातो. मिलमध्ये सुट्टी सांगून टाकतो. तुझी माय इथेच आहे, तिच्यासमोर बोलतो. काकू, पायाळू नाही शोधायचा आता.

सामने होऊ द्या. सुरेश नसेल तर आपण हरू. हरू द्या.

आता साहेबांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. टोप्या काढा, पोरांना जवळ घ्या.

सुरेश, तू उठू नको. त्याला कोणी हात धरून उठवू नका. साहेबांचा मान त्यातच आहे. तू बस. बाकीचे उभे राहा.