माईकवरचं नाव

पिरनवाडीच्या थांब्यावर बेळगावच्या बसची रांग लांबली होती. केतकीबाईंनी तपासायच्या वह्या पिशवीतून काढल्या खऱ्या, पण पुढच्या दोघींचं बोलणं कानावर पडलं आणि वही पहिल्याच पानावर राहिली.

“व्हय गं मंगल, डीजे म्हंजे नुसती बटणं दाबायची न्हवं?”

“न्हाय काकी. लोकांचे पाय बघायचे. पाय थांबायला लागले की गाणं बदलायचं.”

“आणि कानाला ते लावून काय ऐकतीस?”

“पुढलं गाणं. लोक एकावर नाचतात, तवर दुसरं जुळवून ठेवायचं.”

“लई डोकं लागतंय की! मग माईक कशाला?”

“नावं घ्यायला. हळदीत नवऱ्याची आत्ती, मामी, एकेकीला नाचायला बोलवायचं. माईकवर नाव आलं की कुणी मागं राहत न्हाय.”

“आदर्शच्या हळदीला तूच व्हय?”

“मग! सख्ख्या भावाच्या लग्नात दुसरा कशाला? माझं पहिलंच काम हाय. तू येशील न्हवं?”

“मी आपली अक्षतेला येईन. तुझा काका गेल्यापासनं मला हळदीला कोण बोलवतंय?”

“काकी, माईक माझ्या हातात हाय.”

रांग दोन पावलं पुढं सरकली. केतकीबाई सरकायच्या विसरल्या.

“मंगल, आवाज कुठवर जातोय गं?”

“पार रस्त्याच्या पल्याड.”

“मग नुसतं काकी म्हणू नको. गल्लीत काक्या लई हाईत. जयाबाई म्हण.”