दोन्हीकडं समुद्र, मधात सडक

कांताबाई : गाडी बाजूले घ्या. आधी मले उत्तर पाह्यजे, मंग बोरी अरबले जाऊ.

धर्मपाल : अवं, मांगून ट्रक येऊन राह्यला. अशी मधातच कशी थांबवू?

कांताबाई : मंग चालवता चालवता सांगा. आपल्याले काहून नेलं त्यानं?

धर्मपाल : कोणं?

कांताबाई : कोणं म्हणे! तुमच्या इवायानं. किसनगुरुजीनं. सख्ख्या पोराले, राजदीपले नाही नेलं, सुनेले, आपल्या उर्वशीले नाही नेलं. आन् सुनेच्या मायबापाले बोटीवर बसवून श्रीलंका दाखवते, मालदीव दाखवते. असं कोणी करते काय दुनियेत?

धर्मपाल : केलं ना त्याइनं. बायको गेल्यापासून एकटा माणूस. सोबत पाह्यजे होती.

कांताबाई : सोबतीले बोरीतले सारे मास्तर मेले काय? तो जिंदगीभर भूगोल शिकवणारा माणूस. तुमी एसटीचे ड्रायव्हर, मी अंगणवाडीची बाई. उर्वशीच्या लग्नापासून दोन गोष्टी धड बोलला नाही आपल्याशी. आन् एकदम म्हणे, चला समुद्रावर.

धर्मपाल : तुले मजा आली नाही काय बोटीवर? घाटंजीत तर सांगत फिरून राह्यली सगळ्याइले.

कांताबाई : मजा आली. म्हणूनच जीव घाबरून राह्यला. तो आपल्याले चांगलं काहून वागवते, हे समजत नाही मले.

धर्मपाल : चांगलं वागवलं तरी तुले तरास.

कांताबाई : आपल्या संगीताच्या पोरीचं, वर्षाचं, काय झालं? इसरले? सासरच्याइनं आधी तिच्या बापाचा मानपान केला, कपडे केले, दोन दिवस गोडधोड खाऊ घातलं. आन् जेवणं झाल्यावर म्हणे, पोरीले घेऊन जा. लेकरू नाही होत तिले. बापानं गुमान पोरीची पेटी उचलली. खाल्लेलं होतं ना त्याइचं.

धर्मपाल : गुरुजी तसे नाहीत.

कांताबाई : कशावरून? आपल्या उर्वशीले तरी कुठं लेकरू हाये? आन् आजचं बोलावणं काय हाये? "जेवायला या, एक गोष्ट बोलायची आहे." राजदीप आन् उर्वशी बी नागपूरहून येऊन राह्यले. फोनवर बोलून टाका म्हटलं मी, तर म्हणे समोरासमोरच बोलू. अशी कोणती गोष्ट असते जे समोरासमोरच बोलाव लागते?

धर्मपाल : मले नाही माहीत.

कांताबाई : तुमाले सारं माहीत हाये! बोटीवर रोज सकाळी कठड्याजवळ उभे राहून दोघायचं कुचकुच चाले. मी जवळ आली का चूप. एक डाव मी मांगं उभी होती, तुमाले समजलं बी नाही. तुमी त्याले म्हणून राह्यलते, "आता वर आला. लाल नाही, पिकल्या पपईवानी हाये." काय होतं ते?

धर्मपाल : सूर्य.

कांताबाई : सूर्य त्याले दिसत नव्हता काय, का तुमी सांगाव लागे?

धर्मपाल : पाह्य, दारव्ह्याकडं यंदा तूर चांगली हाये.

कांताबाई : तुरीवर नका नेऊ मले. श्रीलंकेत गाडी किरायानं घेतली, तवा तिथला ड्रायव्हर काहून नाही घेतला? तुमालेच चालवायले लावली. चहाच्या डोंगरातून, त्या वळणावळणाच्या रस्त्यानं. तो पुढं तुमच्या बाजूले, मी मांगं सामानासोबत. आन् त्याचं आपलं चालू, "खाली काय आहे? झाडं कशी आहेत? बाया काय तोडत आहेत?" तुमी बी शाळेतल्या पोरावानी सांगत चालले. मले मांगून वाटे, तोंडी परीक्षा चालू हाये.

धर्मपाल : मास्तर माणूस. सवय असते.

कांताबाई : अनुराधापुरले बोधिवृक्षाजवळ मी हात जोडून उभी. वरतं पाहून राह्यली, डोळ्याले पाणी आलं माह्या. इतके वर्सं नुसतं ऐकलं होतं त्या झाडाचं. बाजूले पाहतो तर हा बुवा वरतं पाहतच नाही. खाली पडलेलं एक पान घेऊन चाचपून राह्यला. देठापासून टोकापर्यंत. झाड सोडून पान चाचपते! मनात म्हटलं, याची श्रद्धा बी दिखाव्याची.

धर्मपाल : असं नको बोलू, कांता.

कांताबाई : बोलीन. आन् मालदीवातला तो रस्ता? एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारा. दोन्हीकडं समुद्र, मधात सडक. असं मी जल्मात पाह्यलं नाही. त्यानं तुमाले गाडी हळू कराले लावली. काच खाली केली आन् म्हणे, "डावीकडचं पाणी कसं, उजवीकडचं कसं?" तुमी म्हटलं, डावीकडचं उथळ हाये, गव्हाच्या कवळ्या पात्यावानी, उजवीकडचं खोल, निळीच्या पाण्यावानी. मी म्हटलं, गुरुजी, तुमी पाहा ना, काय मस्त हाये. तर म्हणे, "पाहतोय, विहीणबाई." आन् तोंड कुठं? सरळ समोर. ना डावीकडं, ना उजवीकडं.

धर्मपाल : तू फार पाहतं.

कांताबाई : अंगणवाडीत तीस लेकरं सांभाळली मी. कोणं खिशात काय लपवलं ते पाहाच लागे. आता शेवटचं ऐका. काल रात... नाही, काल दुपारी फोनमधले फोटो काढून बसली होती. बोटीवर मी एक फोटो काढला आन् स्वतः न पाहताच त्याले दावला होता. कसा आला म्हटलं. तर म्हणे, "वा, काय निळा समुद्र आहे, विहीणबाई!" तो फोटो सापडला मले काल. त्याच्यात समुद्र नाहीच.

धर्मपाल : मंग काय हाये?

कांताबाई : माह्य बोट. कॅमेऱ्याच्या काचेवर बोट आलं होतं माह्य, सारा फोटो काळाकुट्ट. आन् हा म्हणते निळा समुद्र! तोंडावर खोटं. जो माणूस फोटोबद्दल खोटं बोलते, तो माह्या पोरीबद्दल खरं काय बोलीन? ... बोला ना. ... चूप काहून झाले?

धर्मपाल : गाडी चालवून राह्यलो.

कांताबाई : इतका वेळ बी चालवतच होते. अवो, माह्याकडं पाहा.

धर्मपाल : समोर पाहाव लागते.

कांताबाई : थांबा. थांबा जरा. ... बोटीवर जेवणाच्या हॉलात ताट नेहमी मलेच आणाले लावे. "तुम्ही आणाल ते चालेल." मी म्हटलं, मले मोलकरीण समजते. जिन्यात तुमच्या खांद्यावर हात. मी म्हटलं, दोस्ती दाखवते. सूर्य तुमी सांगाव. पाणी तुमी सांगाव. पान चाचपून पाहाव. ... अवो, त्याइले दिसत नाही काय?

धर्मपाल : मी काही बोललो नाही.

कांताबाई : बोलू नका. नुसती मान हालवा.

धर्मपाल : मान बी नाही हालवत. शब्द देल्ला हाये.

कांताबाई : हं. ... डोळे पुसा मंग. ड्रायव्हर माणूस तुमी, रस्ता दिसला पाह्यजे.

धर्मपाल : धूळ गेली.

कांताबाई : काचा तर बंद हायेत. ... कवापासून?

धर्मपाल : कांता, त्याइलेच विचार.

कांताबाई : विचारतो. पण आजची गोष्ट कोणती? आंधळा होणारा माणूस बी पोराचं दुसरं लग्न लावू शकते. म्हणन, नातू पाह्याचा राह्यला. घाई हाये म्हणन.

धर्मपाल : आता हे मले खरंच माहीत नाही. उर्वशीची शप्पथ. बोटीवर त्याइनं तिचं नाव बी काढलं नाही.

कांताबाई : नाव काढलं नाही, तेच तर खटकून राह्यलं मले.

(बोरी अरब. शाळेमागच्या घरासमोर गाडी थांबते. किसनराव ओट्यावर उभे आहेत, एक हात खांबाला लावून.)

किसनराव : या, या. जय भीम. गाडीच्या आवाजावरूनच ओळखलं मी, धर्मपालजी. विहीणबाई आल्या ना सोबत?

कांताबाई : जय भीम. मी तुमच्या समोरच उभी हावो, गुरुजी.

किसनराव : हो, हो. ऊन आलं डोळ्यांवर माझ्या.

कांताबाई : ऊन तुमच्या पाठीमांगं हाये.

किसनराव : ... धर्मपालजी.

धर्मपाल : मी नाही, गुरुजी.

कांताबाई : त्याइनं तोंड नाही उघडलं. घाटंजीपासून भांडत आली मी, पण नाही. मीच एकेक जोडत आली. किती दिसते तुमाले?

किसनराव : समोर कोणीतरी आहे, एवढं दिसतं. कोण आहे ते आवाजावरून. काचबिंदू आहे. आधी कडेकडेचं गेलं, आता मधलंही चाललंय. गेलेलं परत येत नाही म्हणतात. बसा ना, उभ्या का तुम्ही?

कांताबाई : बसत नाही. राजदीपले माहीत हाये?

किसनराव : नाही. त्याला कळलं असतं तर त्यानं मला त्याच दिवशी नागपूरला नेलं असतं. तिसऱ्या मजल्यावर बसवलं असतं. प्रेमानंच. पण बसवलं असतं. मी आयुष्यभर फळ्यावर बेटं काढली, विहीणबाई. चारी बाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट, असं किती पोरांकडून घोकून घेतलं असेल. स्वतः एकही पाहिलं नव्हतं. थोडा उजेड, थोडे रंग कळत होते, तोवर जायचं होतं मला.

कांताबाई : मंग आमालेच काहून? दुसरं कोणी भेटलं नाही?

किसनराव : दोघातिघांना विचारून पाहिलं होतं, इथल्या इथे. अडाण नदीच्या पुलावर उभं करून विचारायचो, नदी कशी दिसते? ते म्हणायचे, फार छान. फार छान म्हणजे काय दिसतं, ते मला हवं होतं. एकदा धर्मपालजी आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाणी कमी हाये, मधात गोटे उघडे पडले, एका गोट्यावर कोण्या बाईनं लुगडं वाळू घातलं हाये." मला ते लुगडं दिसलं. त्याच दिवशी ठरवलं.

धर्मपाल : मले वाटलं, गुरुजी सहज विचारून राह्यले.

कांताबाई : आन् मले कायले नेलं? मी तर काहीच सांगितलं नाही तुमाले.

किसनराव : तुम्हाला न्यायचंच होतं. एवढं सगळं त्यांनी एकट्यानं पाहून यावं, हे मला बरं वाटलं नाही.

कांताबाई : ... मी तुमाले खोटारडा म्हटलं, गुरुजी. रस्ताभर.

किसनराव : खोटं बोललोच मी. तुमचा फोटो मला दिसला नव्हता.

कांताबाई : तो कोणालेच दिसला नसता. ते सोडा. मले एकच सांगा, आन् आडपडदा ठेवू नका. आज माह्या पोरीबद्दल बोलणार काय तुमी?

किसनराव : उर्वशीबद्दल? काय बोलणार?

कांताबाई : लेकरू नाही तिले. राजदीपचं दुसरं...

धर्मपाल : कांता!

कांताबाई : विचारू द्या मले. याच्यासाठी झोप नाही लागून राह्यली.

किसनराव : विहीणबाई, तुम्ही बोटीवर सगळे दिवस हेच मनात घेऊन होता?

कांताबाई : हो.

किसनराव : आणि मी समजत होतो, तुम्ही समुद्र पाहताय. ... चुकलं माझं. मूल होवो न होवो, उर्वशी या घरची आहे. हे इतकं उघड वाटायचं मला, की बोलून दाखवायचं सुचलंच नाही. आज फक्त डोळ्यांचं सांगायचं आहे पोरांना. म्हणून तुम्हाला बोलावलं. एकट्यानं सांगताना माझा आवाज बिघडेल, अशी भीती वाटली.

कांताबाई : आवाज बिघडला तर बिघडू द्या. आमी बसतो बाजूले.

किसनराव : आणि नागपूरला चला म्हणाले तर?

कांताबाई : तर म्हणा, जाईन, पण आज नाही. आन् राजदीप अडला, तर मी बोलतो त्याच्याशी. घाटंजीले बी या राह्यले. आमचं घर खालीच हाये, जिना नाही.

धर्मपाल : गुरुजी, चारचाकीचा आवाज आला.

किसनराव : ऐकला मी. पोरांचीच गाडी आहे. विहीणबाई, कोण कोण उतरतंय?

कांताबाई : राजदीप गाडीतच हाये, फोनवर बोलून राह्यला. उर्वशी उतरली. पिवळी साडी घातली हाये तिनं, हातात डबा हाये. आपल्या तिघायले सोबत उभं पाहून हासून राह्यली.