ड्रॉवरची मूठ

...नाही, मला एवढंच सांगा, दाराची मूठ गाडी पळवते का? गाडी पळते इंजिनावर, फार तर नशिबावर, पण मुठीवर? आणि तुम्हाला सांगतो, आमची गाडी सुरू अशी होते की बाबांनी शेजारी उभं राहून नुसतं खाकरलं तरी पुरे. पण आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे तपासनीस शर्यतीआधी भिंग घेऊन फिरतात, डोक्यातल्या उवा शोधाव्यात तसे! मागच्या दारापाशी थांबले. "ही मूठ?" बाबा कौतुकाने म्हणाले, "आमच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची. मूळची तुटली, तर हिने काढून दिली." ही म्हणजे माझी आई. तेव्हापासून तो ड्रॉवर आम्ही सुरीने उघडतो, पण गाडीचं दार कसं, मुठीने उघडतं! तपासनीस हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे ओरिजिनल नाही."

झालं. शर्यतीतून बाद.

आता बाबांचं सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गाडी चालवणं पुरे झालं. तेव्हापासून घरात एकच धोशा, त्या शर्यतीच्या रस्त्यावर एक फेरी मारू दे, मग किल्ली तुझी. सकाळपासून टोपी घालून बसले होते हो ते...

मी गेलो अध्यक्षांकडे, तावातावाने. म्हटलं, काका, इथल्या निम्म्या गाड्या ट्रकवर चढून आल्यात, गोधड्या पांघरून, आजारी माणसासारख्या. एकाने तर पेट्रोल भरलेलं नाही, टाकीला डाग पडतो म्हणे! आमची स्वतःच्या पायांनी आली, आणि बाद तीच? अध्यक्षांनी पांढरे हातमोजे नीट केले. "हे बघ बाळा, आपण वारसा जपतो. आज मूठ बदललीस, उद्या काय काय बदलशील?" अहो, वारसा म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत घालून ठेवायला? आणि ओरिजिनलच बघायचं तर बाबांचे दात कवळीचे, गुडघा स्टीलचा, म्हणजे बाबाही बाद! अध्यक्षांचे केस तर... जाऊ दे, तिथे कुणी भिंग धरलं नाही.

शर्यत सुरू झाली. झेंडा पडला आणि अध्यक्षांची गाडी... धूर नाही, आवाज नाही, साधी शिंकसुद्धा नाही. ओरिजिनल शांतता! बाकीच्या गाड्या तिला वळसा घालून गेल्या, आणि अध्यक्ष दोरी घेऊन आले आमच्याकडे. जरा ओढून बाजूला घ्याल का, म्हणाले.

मी म्हटलं, नाही. काही तत्त्व आहे की नाही? सकाळी आम्ही कचरा आणि आता आम्हीच बैल? मी त्यांना चांगलं सुनावत होतो, वारशापासून माणुसकीपर्यंत आलो होतो, आणि मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज. बघतो तर बाबा गाडीत! काच खाली करून हळूच म्हणाले, "अरे, त्या रस्त्यावर सोडतायत मला."

बांधली दोरी. पहिल्या वळणावर बाजूला व्हायचं ठरलं होतं, तसं सगळ्यांनी हातवारे करून दाखवलंही. बाबा सरळ गेले. पूर्ण फेरी! मागे अध्यक्ष दोन्ही हात हलवून ओरडतायत, लोकांना वाटलं अभिवादन करतायत, लोक टाळ्या वाजवतायत, आणि लाउडस्पीकरवाला म्हणतो, "अध्यक्षांची गाडी पहा, काय डौल!" डौल? दोरीला बांधलेला डौल? आणि शेवटी सर्वात डौलदार गाडीचा चषक कुणाला? विचारूच नका. आमचं नाव नाही, कारण आम्ही मुळात नव्हतोच. ओरिजिनल नाही ना!

बाबा उतरले, किल्ली माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, वळण दिसलं नाही का? टोपी काढत म्हणाले, "डोळे गेलेत ना माझे."

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. वाटलं, उशिरा का होईना, आभार मानतायत. तर म्हणाले, दोरी तुमच्या गाडीलाच राहिली, जपून ठेवा हं, माझ्या गाडीबरोबर आलेली आहे, ओरिजिनल.

काय करता... ठेवलीय. ड्रॉवरमध्ये. सुरीने उघडून.