पाणी आधी कुणाला?

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. दुसऱ्याचं भलं करायला निघालेल्या माणसानं सगळ्यात आधी काय करावं? मागून आवाज आला — फोटो काढावा! बसा खाली. ऐका.

एका कॉलेजात हॅकेथॉन भरलं. म्हणजे काय? चौघांनी एकत्र बसायचं आणि दोन दिवसांत एक ॲप तयार करायचं. आपल्याकडं चौघं दोन दिवस एकत्र बसले की काय होतं? — मंडळ फुटतं!

त्या चौघांत एक केतकी. तिच्या गावात नळाला पाणी कधी येईल, देवाला ठाऊक. त्यालाही नक्की नाही. पाण्याची वाट बघत तिच्या आईचे आठवड्याला दोन खाडे! शिवणकारखान्याचा मालक म्हणाला, "बाई, आता एक जरी खाडा झाला, तर घरीच बसा." म्हणून केतकीनं ॲप सुचवलं — पाणी सुटलं की अख्ख्या गावाच्या फोनवर निरोप!

गटाचा म्होरक्या शार्दूल. त्यानं दीड दिवस काय केलं? निळा रंग निवडला! पाणी निळं नसतं — पण हे त्याला सांगणार कोण?

शेवटच्या दुपारी केतकीच्या डोक्यात आलं, अरे, बटण कोण दाबणार? गावात पाणी सोडणारे गेनूअण्णा! लावला फोन.

"अण्णा, पाणी सोडलं की एक बटण दाबायचं. एवढंच."

"दाबतो की! पण पोरी, सगळ्यांना एकदम कळलं, तर सगळे एकदम मोटारी लावतील. तुमची गल्ली शेवटची. तुम्हाला निरोप मिळेल. पाणी नाही."

शार्दूल म्हणतो, "परीक्षकांना कुठं माहितीय हे? असंच दाखवू. नंबर आपलाच!"

केतकी म्हणाली, "परीक्षक आमच्या गल्लीत राहत नाहीत."

मोडलं सगळं! अण्णांना विचारत विचारत नवं केलं. निरोप आधी शेवटच्या गल्लीला, अर्ध्या तासानं तिच्या अलीकडच्या गल्लीला. सरपंचांची गल्ली? — पहिली. म्हणजे शेवटी! रंग द्यायला वेळच उरला नाही.

पहिला नंबर कुणाला मिळाला? 'पाणी प्या' अशी दर तासाला आठवण करणाऱ्या ॲपला!

पण सोमवारी केतकीच्या आईला निरोप आला. पिंप भरलं, हंडे भरले, आणि बाई नऊच्या ठोक्याला मशीनवर!

तर मंडळी, आधी विचारावं. बापाच्या गुडघ्याला तेल आणता — त्याचं दुखतंय कुठं, विचारलंत? तुम्ही म्हणाल, बुवा, बावीस वर्षं आम्हाला कीर्तन ऐकवताय, तुम्ही कधी विचारलंत?

नाही विचारलं. धीर होत नाही.

टाळ वाजवा!